एक बिल्ला अजून टांगलेला आहे

अर्जदार : हुसेनमिया वल्द बाबामिया, पेशाने अर्जनवीस, शिक्षण मराठी सातवी पास व इंग्रजी तीन इयत्ता, मूळ राहणार जयगड खाडीचा काठ, जिल्हा रत्नागिरी, हल्ली मुक्काम फहाहील, कुवेत. ज्यांच्याविषयी अर्ज : एक इंग्रज गृहस्थ, प्रथम कोळशाच्या खाणीतील मजूर, नंतर कुवेतच्या वाळवंटात पाइपलाइनवरचे फोरमन आणि त्यानंतर विलायतेच्या पार्लमेंटाचे सभासद. त्यांचे खरे नाव छापण्याची परवानगी घेतलेली नाही, आणि आता ती घेताही येणार नाही. सबब मजूर त्यांना ज्या नावाने ओळखत त्याच, म्हणजे बिल्लेसाहेब या नावाने पुढे संबोधिले आहे. काळ : पन्नास साल उलटून काही उन्हाळे गेले तेव्हापासून चालू सालापर्यंत. साक्षीदार पहिला : कासम, पाइपलाइनवरचा माजी मजूर, हल्ली जहाजावर खलाशी, पत्ता ठाऊक नाही. साक्षीदार दुसरा : इस्माईल, सदर कासमच्या बहिणीचा नवरा. वाद त्याच्याविषयीच असल्याने तो साक्षीस येऊ शकत नाही. साक्षीदार तिसरा : माझ्या टेबलामागच्या भिंतीतला खिळा. तो हजर आहे.

बिल्लेसाहेबांच्या कपाळावर आणि दोन्ही हातांच्या पाठीवर निळ्या रेघा होत्या. गोऱ्या कातडीवर त्या अशा उठून दिसत की आमच्या मजुरांना वाटले, साहेबाने तरुणपणी गोंदवून घेतले असावे. कासमने एकदा धीर करून विचारले, "साहेब, ये किसका नाम गुदवाया?" साहेबांनी आपला हात उलटासुलटा करून पाहिला, जणू काही प्रथमच पाहत होते, आणि म्हणाले, "कोयले का." खाणीत दगड लागून जखम झाली की तिच्यात कोळशाची पूड बसते, वरून कातडी मिटते आणि ती पूड माणसाबरोबर थडग्यापर्यंत जाते, असा खुलासा त्यांनी मला पुढे केला. चौदाव्या वर्षी ते खाणीत उतरले होते. त्यांचे वडील उतरत, आजोबाही उतरत. "आमच्या घरात हातावर रेघ नसलेला पुरुष मी पाहिला तो फक्त पाळण्यात," असे ते म्हणत.

इंग्रज मनुष्य खुर्चीवर बसतो, असा माझा तोपर्यंतचा अनुभव होता व त्या अनुभवाच्या आधारावर मी पुष्कळ अर्ज लिहिले होते. बिल्लेसाहेबांनी तो अनुभव मोडला. अबू हलीफाच्या जवळ पाइपलाइन टाकणाऱ्या एका ठेकेदाराचे यार्ड होते. तो ठेकेदार आज राहिलेला नाही आणि ते यार्डही नाही. जेवणाच्या सुट्टीत तेथील पत्र्याच्या सावलीत आमची कोकणची माणसे रांगेने उकिडवी बसत, आणि त्या रांगेच्या टोकाला भिंतीला पाठ लावून साहेबही तसेच उकिडवे बसत. खाणीत खुर्ची नसते, तिथे सारे आयुष्य टाचांवर बसून जेवावे लागते, ही गोष्ट आम्हांला ठाऊक नव्हती. "ह्यो सायेब आपल्या खाडीवरचाच हाय," कासम म्हणे. "आयशीनं उन्हात ठेवला नाय, म्हणून गोरा ऱ्हायला."

"आन् तू चुलीत पडलेलास," इस्माईल म्हणे, आणि सगळी रांग हसे. साहेबांना शब्द कळत नसत, पण तेही हसत.

एक गोष्ट मात्र मी पाहिली ती नमूद करतो. साहेब आणि त्यांच्या शेजारचा मजूर यांच्यामध्ये एका माणसाची जागा नेहमी रिकामी राही. मजूर अदबीने जवळ सरकत नसत आणि साहेब संकोचाने. जवळच तेल कंपनीच्या अहमदी गावात इंग्रजांचे बंगले होते, हिरवळ होती, क्लब होता. तिथेही त्यांच्या शेजारची खुर्ची रिकामीच असे, असे क्लबातला आमचा एक बेयरा सांगे. साहेबांचे इंग्रजी खाणीकडचे होते, जाड आणि आखूड. "मी तोंड उघडलं की तिथले लोक माझ्या बुटांकडे पाहतात," असे ते म्हणाले. म्हणून जुम्म्याच्या सुट्टीला ते क्लब सोडून फहाहीलच्या सुकात, म्हणजे बाजारात, येत आणि माझ्या टेबलापुढे अर्जदारांसाठी ठेवलेल्या स्टुलाशेजारी, जमिनीवर, टाचांवर बसत. मी स्टूल पुढे करी. ते म्हणत, "तो अर्जवाल्यांचा आहे, मुन्शी. मला काही मागायचं नाही." आमचे संभाषण त्यांचे मोडके हिंदुस्थानी आणि माझे कचेरीचे इंग्रजी यांच्या मिश्रणातून चाले. येथे ते मराठीत उतरविले आहे. पुष्कळदा संभाषण नसेच. समोरच्या चहावाल्याचा काळा चहा पीत ते सुकातली गर्दी पाहत बसत आणि मी माझे टंकलेखन करीत असे. मी त्या काळी एकटाच राहत होतो, आजही राहतो. दोन एकटी माणसे एका टेबलाच्या दोन बाजूंना बसली की त्याला सोबत म्हणावे की नाही, याचा निर्णय मी अद्याप केलेला नाही.

रोज सकाळी यार्डात पाऊल टाकताच ते मान वर करून आकाश पाहत. कुवेतच्या आकाशात पाहण्यासारखे काय असणार? ढग नाही, पक्षी नाही. पण ते नीट पाहत आणि म्हणत, "छप्पर ऊंचा है." खाणीत उतरणारा मनुष्य प्रथम डोक्यावरचे छत पाहतो, ठोकतो, ऐकतो, ती सवय त्यांच्या मानेतून गेली नव्हती. "इथलं छत देवाने बांधलंय, मुन्शी," ते मला म्हणाले. "ते कोसळत नाही. म्हणून तर मी इथे आलो." मजुरांनी हे वाक्य उचलले होते. सलामवालेकुमच्या पाठोपाठ एकमेकांना "छप्पर ऊंचा है?" असे विचारीत, आणि दुसरा वर न पाहताच "ऊंचा है" म्हणे.

आता बिल्ल्यांविषयी. साहेब आले त्या वर्षीच त्यांनी यार्डाच्या फाटकापाशी एक लाकडी फळी ठोकून घेतली, तिला खिळ्यांच्या ओळी मारल्या आणि लोहारखात्यातून प्रत्येक मजुराच्या नावाचा पितळी बिल्ला पाडून घेतला. बाहेर लाइनीवर जाणाऱ्याने आपला बिल्ला फळीवर टांगायचा, परत आल्यावर आपल्या हाताने उतरवून खिशात घालायचा. म्हणजे फळीवर टांगलेला प्रत्येक बिल्ला हा वाळवंटात असलेला एक मनुष्य. सर्वांत वरचा खिळा स्वतः साहेबांचा. तो बिल्ला सकाळी सर्वांच्या आधी चढे आणि शेवटच्या मजुराचा उतरल्याशिवाय उतरत नसे. हजेरीमास्तराला, म्हणजे ठेकेदाराच्या कचेरीतल्या हजेरी मांडणाऱ्या कारकुनाला, ही पद्धत पसंत नव्हती. त्याची हजेरी भोंग्यावर चाले. भोंगा झाला की दिवस संपला. साहेब म्हणत, "भोंग्याने दिवस संपत नाही. फळी रिकामी झाली की संपतो." एखादा आळशी मजूर बिल्ला तसाच टांगून खोलीवर निघून गेला, तर साहेब त्याच्या खोलीपर्यंत जात, त्याला हाताला धरून फाटकापाशी आणीत आणि तो बिल्ला उतरवीपर्यंत मजुरांना वस्तीवर नेणारी सगळी गाडी थांबवून ठेवीत. गाडीतली माणसे त्या आळशाला जी बोलणी करीत ती अर्जात लिहिण्याजोगी नाहीत.

ही पद्धत त्यांच्या खाणीतली होती, आणि त्यांच्या घरातली होती असेही म्हणता येईल. त्यांचा धाकटा भाऊ ज्या बोगद्यात काम करीत होता त्याला आग लागली आणि आग पुढे पसरू नये म्हणून बोगद्याचे तोंड विटांनी बंद करावे लागले. आत राहिलेल्यांचे बिल्ले दिवाघराच्या, म्हणजे खाणीचे दिवे वाटण्याच्या खोलीच्या, फळीवर टांगलेले राहिले. "आमच्याकडे असा रिवाज आहे," साहेब म्हणाले, "की वर न आलेल्या माणसाचा बिल्ला मॅनेजरने उतरवायचा नाही, फोरमननेही नाही. त्याच्या घरच्या बाईने उतरवायचा. माझी आई पुष्कळ दिवस जात राहिली, पाहत राहिली आणि परत येत राहिली. कोणी तिला काही म्हटलं नाही. मग एके दिवशी तिने तो उतरवला, एप्रनमध्ये गुंडाळला आणि घरी येऊन भाजी चिरायला बसली." एवढे सांगून त्यांनी चहाचा पेला उपडा घातला.

इस्माईल लाइनीवरून चालत जाऊन सांधे तपासणारा मजूर होता. आवाज बारीक, चाल लांब. आपला बिल्ला तो घरच्या तांब्याभांड्यांसारखा चिंचेने घासून लख्ख ठेवी. कासम त्याला टोचे, "दाजी, बिल्ला घासताव का सोयरीक बघताव?" आणि इस्माईल म्हणे, "तुझ्या बयनीनं सांगलंय, नाव मळवू नको." बहीण म्हणजे हलीमा. लग्नाला फार काळ झालेला नव्हता.

त्या दिवशी सकाळी छप्पर उंच होते. दुपारनंतर तोझ आला. तोझ म्हणजे इकडचे धुळीचे वादळ. ते आभाळातून येत नाही, क्षितिजावरून तपकिरी भिंतीसारखे चालत येते आणि मग वर-खाली काही उरत नाही. मी सुकात होतो. माझ्या टेबलावरचा कागद मला दिसेना. यार्डात एकेक माणूस दोरीला धरून, चेहऱ्याला फडके गुंडाळून परत आला. बिल्ले उतरू लागले. शेवटी फळीवर दोनच राहिले : खाली इस्माईलचा आणि वर साहेबांचा. भोंगा झाला. हजेरीमास्तर म्हणाला, गाडी जाऊ द्या, तो मागून येईल. साहेबांनी फाटकाला स्वतः कुलूप घातले आणि चावी खिशात ठेवली. कासम सांगत असे की, त्या वेळी साहेबांनी वर पाहिले आणि प्रथमच दुसरे वाक्य उच्चारले : "आज छप्पर नीचे आया."

वादळ बसल्यावर सर्व माणसे एकमेकांपासून हाताच्या अंतरावर उभी राहून ओळीने वाळू तुडवीत निघाली. साहेब मध्ये. त्या दिवशी आणि पुढेही कित्येक दिवस असेच चालले. इस्माईलची पाण्याची बाटली सापडली. वाळूने त्याच्या पावलांचा माग ठेवला नव्हता. इस्माईल सापडला नाही.

ठेकेदाराच्या कचेरीने त्याच्या नावापुढे शेरा मारला, "काम सोडून पळाला." बसऱ्याकडे पळून जाणारे मजूर त्या काळी असत. हा शेरा सोपा होता आणि त्यानंतर कोणाला काही करावे लागत नव्हते. त्याखाली फोरमनची सही हवी होती. साहेबांनी सही केली नाही. हजेरीमास्तर म्हणाला, "साहेब, मेला म्हणायला मयत कुठे आहे?" साहेब म्हणाले, "मी मेला म्हणत नाही. पळाला असंही म्हणत नाही. बिल्ला टांगलेला आहे, तेव्हा तो बाहेर आहे. तेच लिहा." हजेरीमास्तराच्या छापील रकान्यांत "बाहेर आहे" असा रकाना नव्हता.

तेव्हा ते स्टुलावर बसले. म्हणाले, "मुन्शी, आज मागायचं आहे." इंग्रजांच्या वरिष्ठ सरकारी कचेरीत द्यावयाचा अर्ज मी माझ्या नेहमीच्या पद्धतीने सुरू केला : अत्यंत नम्रतापूर्वक, चरणांशी मस्तक ठेवून, इत्यादी. माझ्या या सुरुवातीला आजवर कोणी नाव ठेवलेले नव्हते. साहेबांनी कागद पाहिला आणि त्या ओळींवर आडवी रेघ मारली.

"हे कशाला?"

"साहेब, हा रिवाज आहे. आधी वाकावे, मग बोलावे."

"खाणीत मी पुष्कळ वाकलो, मुन्शी. तिथे छत बुटकं होतं. इथे कशाला? एक माणूस तुमच्या कामाला गेला आणि परत आला नाही. एवढंच लिही. तो पळाला म्हणणाऱ्यांनी तो पळताना पाहिला काय, एवढंच विचार."

मी लिहिले. तो अर्ज माझ्या हातून झालेल्या अर्जांत सर्वांत आखूड आहे आणि मी त्याचा अभिमान बाळगतो. साहेब पुढे ज्या बोलण्यासाठी त्यांच्या देशात ओळखले गेले, त्या बोलण्याची सुरुवात फहाहीलच्या सुकात माझ्या टेबलावर झाली, असे माझे प्रामाणिक मत आहे. अर्जाचे उत्तर आले, ते असे की कागदपत्र नियमानुसार आढळले.

ठेकेदाराने फळी काढून टाकण्याचा हुकूम केला. साहेबांनी तो पाळला नाही. त्यांचा करार संपत आला होता. तो पुढे वाढविला गेला नाही. निघण्याच्या दिवशी ते माझ्याकडे आले, त्यांच्या मागे फळी निघणारच म्हणून तिच्यावरून हलविलेले दोन बिल्ले खिशातून काढले आणि माझ्या टेबलामागच्या भिंतीकडे बोट केले. मी खिळा ठोकला. त्यांनी आधी आपला बिल्ला टांगला, त्यावर इस्माईलचा.

"साहेब, तुम्ही तर चालला," मी म्हणालो. "आपला तरी उतरवून न्या."

"माझा माणूस आल्याशिवाय माझा कसा उतरेल?" ते म्हणाले. मग त्यांनी माझा हात हातात घेतला. इंग्रजाने माझा हात धरल्याचा तो पहिला प्रसंग आणि शेवटचाही. त्यांचा तळवा आमच्या नावाड्यांसारखा होता. गाडीपर्यंत मी गेलो नाही; टेबलावर अर्जदार बसलेला होता. त्या जुम्म्यानंतर माझ्या टेबलाची पलीकडली बाजू फार रुंद दिसू लागली.

वर्षभराने पत्र आले. त्यांच्या भागातला जुना सभासद थकला होता आणि खाणीच्या युनियनने साहेबांना उभे केले होते. "इथे युनियनने कोळशाची गोणी उभी केली तरी निवडून येते, मुन्शी," त्यांनी लिहिले होते. "या वेळी गोणी मी आहे." गोणी निवडून आली. मी ते पत्र यार्डातल्या माणसांना वाचून दाखविले. कोणी खजूर आणले, कोणी चहा सांगितला. "आपला सायेब पारलमेंटात!" कासम उभा राहून म्हणाला. "थितं पण उकिडवा बसतो का काय!" सगळे हसले. मग कासमने मला बाजूला घेऊन विचारले, "मुन्शीजी, आता दाजींचा कागद साफ हुईल?" मी त्याला सांगितले, पार्लमेंट म्हणजे सर्व कचेऱ्यांची कचेरी. तिथे साहेब आता स्वतः अर्ज करतील, आणि तोही उभे राहून.

त्यांची पत्रे वर्षातून दोन-तीन येत. पार्लमेंटात प्रत्येक सभासदाच्या नावाची कोट टांगण्याची खुंटी असते आणि जुन्या काळच्या तलवारीसाठी तिला फीत बांधलेली असते. "तलवार माझ्याकडे नाही, टोपी टांगतो," असे त्यांनी लिहिले. "संध्याकाळी टोपी उतरवताना बिल्ला उतरवल्यासारखं वाटतं. पण इथे कोणी शेवटपर्यंत थांबून खुंट्या पाहत नाही. सगळे आले का, गेले का, कोणाला काही नाही." त्यांचे पहिले भाषण खाणीतल्या धुळीविषयी झाले. ज्याच्या छातीत धूळ राहिली तो मनुष्य वर येतो खरा, पण त्याचा बिल्ला टांगलेलाच राहतो, असे ते त्यात बोलले. काहींनी त्यांच्या उच्चारांची नक्कल केली, हेही त्यांनीच लिहिले होते, आणि पुढे, "दुसऱ्या भाषणाच्या वेळी केली नाही." लंडनमध्ये त्यांनी एक खोली घेतली होती. तिथून आकाशाचा तुकडा दिसतो, असे ते लिहीत. छप्पर उंच आहे असे मात्र त्यांनी तिथून कधी लिहिले नाही.

इस्माईलचा प्रश्न त्यांनी विचारला. त्याला वेळ लागला. प्रश्नांचीही तिथे रांग असते. त्यांची पाळी येईपर्यंत इकडे कुवेत स्वतंत्र झाले. सुकात मिठाई वाटली गेली, मलाही मिळाली, आणि ज्या देशात माझी भाकरी होती त्याच्या आनंदात मी मनापासून सामील झालो. तिकडे मंत्र्यांनी साहेबांना आदबीने सांगितले की, सदरहू देश आता आपल्या अखत्यारीत नाही, सबब याविषयी सरकारला काही सांगता येत नाही. आणि इकडे नव्या कचेरीत मी तोच अर्ज नेला, तेव्हा तितक्याच आदबीने उत्तर मिळाले की, ही जुन्या अमलातली बाब आहे. दोन्ही उत्तरे नियमाला धरून होती. ज्या दाराकडे साहेब इतकी वर्षे चालत निघाले होते, ते दार ते पोहोचले त्याच सुमारास भिंत झाले. त्यांनी लिहिले, "मुन्शी, मी पुन्हा विटांसमोर उभा आहे."

त्यानंतर कासम मुलुखात जाऊन आला. माझ्या टेबलाशी बसला. मी विचारले, "हलीमा कशी आहे?"

"काय सांगू, मुन्शीजी. गावात कोण म्हंतंय, बसऱ्यात दुसरी केलीन. कोण म्हंतंय, तुरुंगात हाय. काजीसाब इचारतात, मेलाय की सोडून गेलाय, कायतरी एक सांगा, म्हंजे पुढचं बगू. तिला इद्दतीत बसवूया म्हटलं तर बसत नाय."

इद्दत म्हणजे नवऱ्याच्या मृत्यूनंतर बाईने पाळावयाचा काळ. ती संपली म्हणजे बाईला पुढचे आयुष्य मोकळे होते.

"का बसत नाही?"

कासमने खिळ्याकडे पाहिले. "तुमीच तर लिवलंत, सायबांनी बिल्ला उतरवला नाय म्हणून. ती म्हंते, बिल्ला टांगलेला हाय म्हंजे माणूस कामावर हाय. पळणारा बिल्ला टांगून पळतो काय? आन् मेलेल्याचा कोण टांगून ठेवील काय? हातातल्या बांगड्या तशाच हायत. संध्याकाळची भाकरी एक जास्त थापते."

मी आजवर अनेकांच्या वतीने अनेक गोष्टी कागदावर मांडल्या आहेत. हे ऐकून मात्र मी टंकलेखन यंत्रातला कागद काढून बाजूला ठेवला. इस्माईल पळाला नाही हे जगाला सांगण्यासाठी साहेबांनी जो बिल्ला ठेवला, त्यानेच एक बाई इतकी वर्षे उंबऱ्यात उभी करून ठेवली होती. उतरवावा तर ठेकेदाराचा शेरा खरा ठरणार. ठेवावा तर हलीमाचा दिवस मावळणार नाही.

मी दोघांनाही लिहिले. साहेबांना खाणीतला रिवाज आठवला. त्यांचे उत्तर असे : "तिचा हक्क आहे. ती म्हणेल तेव्हा उतरव. एका बाईचा दिवस संपला असं सांगणारा मी कोण?" हलीमाला आईचा आणि एप्रनचा तो प्रसंग सविस्तर लिहून, उतरविण्याचा हक्क तुझा आहे, असे मी कळविले. कासम तोवर इथले काम सोडून गावी परतला होता; तिने त्याच्याकडून लिहविलेले उत्तर आले : "सायबांचा माणूस हाय, सायबच सांगतील. ते उतरवा म्हणतील तवा मी बसेन." मी साहेबांना पुन्हा लिहिले. उत्तर तेच. दोघेही एकमेकांची अदब राखून थांबले होते, आणि मध्ये मी, माझा खिळा आणि कुवेतची धूळ. ती धूळ मी दर जुम्म्याला फडक्याने पुसतो. इस्माईलचा बिल्ला चिंचेनेच पुसतो. इथे चिंच मिळते.

पुढे कासम जहाजावर गेला आणि गावाकडून येणारी पत्रे थांबली. त्याच्या घरात वाचणारा तोच होता. साहेबांच्या भागातली खाण बंद झाली. त्यांनी लिहिले की, फळी उतरवली त्या दिवशी ते हजर होते आणि सगळे बिल्ले माणसांनी आपापल्या घरी नेले. साहेब पुन्हा निवडणुकीस उभे राहिले नाहीत. शेवटच्या पत्रात अक्षर वाकडे झाले होते. ते शेवटपर्यंत स्वतःच्या हाताने लिहीत. धुळीविषयी ते एवढी वर्षे बोलले, पण ती त्यांच्याही छातीत आहे हे कधी बोलले नव्हते. चालू साली त्यांच्या युनियनचे काळ्या कडेचे छापील कार्ड मला मिळाले. माझे नाव त्यांच्या यादीत कसे गेले हे मला माहीत नाही. बहुधा त्यांनीच घातले असावे. कार्ड वाचून मी टेबल सोडले, पलीकडच्या बाजूला गेलो आणि भिंतीला पाठ लावून टाचांवर बसलो. गुडघे दुखले. समोरच्या चहावाल्याने विचारले, "मुन्शी, आज उलटे कसे बसलात?"

तरी अर्जदाराची विनंती येणेप्रमाणे. साहेबांचा दिवस संपला आहे, पण त्यांच्याच नियमाने त्यांचा बिल्ला इस्माईलच्या आधी उतरू शकत नाही, आणि इस्माईलचा उतरविण्याचा हक्क एकट्या हलीमाचा आहे. ती ज्यांच्या शब्दाची वाट पाहत आहे ते आता शब्द देऊ शकत नाहीत. हे तिला ठाऊक नाही. तिला वाचता येत नाही, आणि पत्र वाचून दाखविणारे माणूस तिच्याकडे उरलेले नाही. सबब, जयगड खाडीच्या काठी राहणाऱ्या ज्या कोणा वाचकाच्या हाती हा मजकूर पडेल, त्यांनी तो तिच्या पडवीत बसून, घाई न करता, तिला वाचून दाखवावा. साहेबांच्या आईचा प्रसंग वगळू नये. मग तिने जे सांगितले असेल ते मला कळवावे. एक शब्द पुरे आहे. तिने "उतरवा" म्हटले, तर मी आधी इस्माईलचा आणि मग साहेबांचा बिल्ला उतरवीन आणि इस्माईलचा तिला पाठवीन. तिने "राहू दे" म्हटले, तर तेही मान्य आहे. दोन्ही राहतील. साहेबांना शेवटपर्यंत थांबण्याची सवय होती, आणि मला आता लागली आहे.

उत्तर येईपर्यंत दुकान रोज संध्याकाळी बंद होत राहील. दिवस मात्र चालू आहे. न्याय व्हावा.